चॉकलेटची हाव म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता?

पाळी चार दिवसांवर आली की हात फ्रीजमधल्या चॉकलेटकडे जातो आणि मैत्रीण निदान करते, ‘अगं, तुझं मॅग्नेशियम कमी झालंय!’ तसं असतं तर आधी भोपळ्याच्या बियांचा डबा रिकामा झाला असता. मिल्क चॉकलेटच्या कितीतरी पट मॅग्नेशियम त्यांत असतं. पण बियांसाठी रात्री अकराला कोण कपाट उचकतं?

पाळीआधीच्या त्रासावर खनिजांत त्यातल्या त्यात भक्कम पुरावा आहे तो कॅल्शियमचा. १९९८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्या बायकांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी उतरला, खाण्याची हावही कमी झाली. गंमत म्हणजे औषध नसलेल्या गोळीनंही ३० टक्के उतार पडला होता. मॅग्नेशियमचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. मुतखडा किंवा किडनीचं दुखणं असेल, तर दोन्ही गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.