क्विझबोल (विद्यापीठीय)

क्विझबोल : अमेरिकेतील विद्यापीठांच्या विद्यार्थी-मंडळांमध्ये खेळली जाणारी सांघिक प्रश्नमंजूषा. एका वेळी दोन संघ समोरासमोर बसतात व प्रत्येक संघात चार खेळाडू असतात. ‘टॉसअप’ हा प्रश्न सर्वांसाठी खुला असतो. त्याचे उत्तर बझर दाबून एकट्याने द्यायचे असते, सहकाऱ्यांशी बोलता येत नाही. उत्तर बरोबर आले की त्या संघाला त्यापुढचा ‘बोनस’ प्रश्न मिळतो. त्याचे प्रत्येकी दहा गुणांचे तीन भाग असतात आणि त्यावर संघाला आपसांत विचारविनिमय करता येतो. प्रश्न पुरा होण्याआधी बझर दाबून चुकीचे उत्तर दिल्यास पाच गुण वजा होतात. खेळाडूंच्या बोलीत याला ‘नेग’ म्हणतात.

उगम : या खेळाचा आरंभ कॅनडात जन्मलेल्या डॉन रीड यांच्याशी जोडला जातो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी यूएसओ या संस्थेमार्फत जे उपक्रम चालत, त्यांत त्यांनी अशा प्रकारचा खेळ बसवला, असे सांगितले जाते. त्या युद्धकालीन खेळात दोन संघ व चढाओढ हे घटक असावेत. परंतु टॉसअप आणि बोनस यांची आजची जोडी तेव्हाच ठरलेली होती, असे मानण्यास पुरेसा आधार दिसत नाही. निश्चित तारखेचा पुरावा १० ऑक्टोबर १९५३ पासून मिळतो. त्या दिवशी एनबीसी या अमेरिकी प्रसारण संस्थेच्या नभोवाणीवर ‘कॉलेज बोल’ सुरू झाला व पहिल्या सामन्यात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने कोलंबिया विद्यापीठाला हरवले. सूत्रसंचालक ॲलन लडन होते. कार्यक्रमाच्या जुळणीत रीड यांना साहाय्य करणारे ग्रँट टिंकर पुढे एनबीसीचे प्रमुख झाले. नभोवाणीच्या काळात दोन्ही संघ आपापल्या महाविद्यालयात बसत व तारेने सूत्रसंचालकाशी जोडलेले असत. दूरचित्रवाणीवर हा कार्यक्रम १९५९ मध्ये सीबीएसवर आला, १९६३ मध्ये एनबीसीकडे गेला आणि १९७० मध्ये थांबला. त्याचा पुरस्कर्ता जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी होती. सुरुवातीला जिंकणाऱ्या संघाच्या महाविद्यालयास १,५०० डॉलर व हरणाऱ्या संघाच्या महाविद्यालयास ५०० डॉलर शिष्यवृत्तीनिधी मिळे. सलग पाच विजयांनंतर संघ अपराजित म्हणून निवृत्त होई. जॉर्जियातील ॲग्नेस स्कॉट या महिला महाविद्यालयाने १९६६ मध्ये प्रिन्स्टनवर अगदी अखेरच्या क्षणी २२०–२१५ असा विजय मिळवला. या कालखंडातील सामन्यांत त्याचाच उल्लेख आजही सर्वाधिक होतो.

आजचे क्विझबोल या कार्यक्रमाचेच अखंड पुढचे रूप आहे की तो वेगळा खेळ आहे, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मताचा भर गुणपद्धतीवर आहे : चौघांचा संघ, दहा गुणांचा टॉसअप, पाच गुणांचा दंड आणि बोनस या साऱ्या गोष्टी तेथूनच आल्या आहेत. दुसरे मत प्रश्नांकडे पाहते. दूरचित्रवाणीवर अर्ध्या तासात सामना संपवायचा असल्याने प्रश्न आखूड असत. उत्तराचा धागा एखाद्याच शब्दात असे व तो शब्द कानी पडताच दोन्ही संघांचे हात एकाच वेळी बझरवर जात. अशा प्रश्नातून हाताचा वेग मोजला जातो, अभ्यासाची खोली मोजली जात नाही. खेळाचे अंतरंग त्याच्या प्रश्नात असते, हे मान्य केले तर दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते.

प्रश्नरचना : आधुनिक टॉसअप ‘पिरॅमिडी’ असतो. त्यातील माहिती अवघडाकडून सोप्याकडे अशा क्रमाने मांडलेली असते आणि पहिल्या वाक्यापासून ती एकाच उत्तराला लागू पडावी, असा दंडक आहे. मराठी वाचकाला परिचित उत्तर घेऊन हा क्रम असा दाखवता येईल : १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचणारा विद्यार्थी, मग रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिणारा अर्थतज्ज्ञ, मग १९२७ च्या महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा नेता, आणि सर्वांत शेवटी, दहा गुणांसाठी, भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन मुळातून वाचलेला खेळाडू पहिल्याच वाक्यावर बझर दाबील, शालेय पुस्तकापुरती ओळख असलेला शेवटपर्यंत थांबेल, आणि दोघांच्या ज्ञानातील अंतर त्या मधल्या काही सेकंदांत न्याय्य रीतीने उघड होईल. सुरुवातीला एका उत्तराकडे नेऊन मध्येच दुसरीकडे वळणारा प्रश्न ‘होज’ म्हणून सदोष मानला जातो, कारण त्यात लवकर ओळखणाऱ्यालाच शिक्षा होते. काही स्पर्धांत प्रश्नातील ठरावीक खुणेच्या आधी उत्तर दिल्यास दहाऐवजी पंधरा गुण मिळतात. याला ‘पॉवर’ म्हणतात.

मंडळे व संघटना : दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम थांबल्यानंतर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉलेज बोल कंपनीने महाविद्यालयीन युनियनांच्या (विद्यार्थी-केंद्रांच्या) संघटनेबरोबर आवारातील स्पर्धा चालवल्या, ही व्यवस्था २००८ पर्यंत टिकली. मुळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांसाठी होंडा कंपनीच्या साहाय्याने वेगळी स्पर्धाही १९८९ मध्ये सुरू झाली. प्रश्न मात्र कंपनीच्याच हाती राहिले आणि त्यांच्या दर्जाबद्दल व शुल्काबद्दल खेळाडूंची नाराजी वाढत गेली. त्यातून विद्यार्थी-मंडळांनी स्वतः प्रश्न लिहून निमंत्रित स्पर्धा भरवण्यास आरंभ केला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अकॅडमिक कॉम्पिटिशन फाउंडेशन (पुढे फेडरेशन, एसीएफ) उभे राहिले. त्यात मेरीलँड व टेनेसी येथील खेळाडूंचा पुढाकार होता. १९९६ मध्ये नॅशनल अकॅडमिक क्विझ टूर्नामेंट्स (नॅक्ट) स्थापन झाली व १९९७ पासून तिची आंतरमहाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. नॅक्टचे प्रश्न तुलनेने आखूड असून सामना घड्याळावर चालत आला आहे. त्यात भूगोल, चालू घडामोडी व लोकप्रिय संस्कृती यांना अधिक वाव असतो. एसीएफचे प्रश्न लांब असतात, सामना घड्याळाने बांधलेला नसतो आणि वीस टॉसअपांपैकी साहित्य, इतिहास व विज्ञान यांना साधारणपणे प्रत्येकी चार मिळतात. उरलेल्यांत कला, धर्म, पुराणकथा, तत्त्वज्ञान, सामाजिक शास्त्रे इत्यादी येतात.

एसीएफच्या परंपरेत स्पर्धेत उतरणाऱ्या संघाने एक ‘पॅकेट’, म्हणजे सामनाभर पुरतील इतके टॉसअप व बोनस, लिहून पाठवण्याची पद्धत रुजली. संपादक ते दुरुस्त करतात आणि ज्या संघाने ते लिहिले त्याला त्यावर खेळता येत नाही. मंडळांच्या जडणघडणीत या प्रथेचा वाटा मोठा आहे. नवा सदस्य आधी जुनी पॅकेटे सरावात ऐकतो, मग एखादा विषय वाटून घेतो आणि अखेर त्या विषयाचे प्रश्न लिहू लागतो. राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्यांत शिकागो, मिशिगन, मेरीलँड, व्हर्जिनिया, येल व बर्कली येथील संघ आढळतात.

खेळाडू आणि प्रश्नलेखक हे एकच असल्याने विश्वासाला येथे असाधारण महत्त्व आहे. मार्च २०१३ मध्ये नॅक्टने हार्वर्डच्या संघांची चार विजेतेपदे काढून घेतली. संघातील एक खेळाडू नॅक्टसाठी प्रश्नही लिहीत असे, आणि आगामी प्रश्नांची सुरुवातीची सुमारे चाळीस अक्षरे ज्यांत दिसत अशी संगणकीय पाने त्याने उघडल्याचे नोंदींवरून आढळले. या माहितीचा सामन्यात उपयोग झाल्याचा थेट पुरावा पुढे आला नव्हता. तरीही पिरॅमिडी प्रश्नात पहिलेच शब्द निर्णायक असल्याने हा निर्णय कठोर म्हणता येत नाही.

इतरत्र : ब्रिटनमधील ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ (१९६२) हा कार्यक्रम कॉलेज बोलवरूनच घेतला आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या प्रत्येक महाविद्यालयाला त्यात स्वतंत्र संघ उतरवता येतो. त्याच्या निषेधार्थ १९७५ मध्ये मँचेस्टरच्या संघाने जवळपास प्रत्येक प्रश्नाला मार्क्स, ट्रॉट्स्की, चे गेव्हारा अशी उत्तरे दिली. अमेरिकेत कॉलेज बोल एनबीसीवर २०२१ व २०२२ मध्ये पुन्हा दाखवला गेला. २०२२ चे विजेते कोलंबिया.

भारतात सिद्धार्थ बसू यांनी सादर केलेल्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया’चे पहिले विजेतेपद (२००३–०४) मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने मिळवले. त्यानंतर या संघाने ब्रिटिश स्पर्धेच्या अंतिम फेरीतील केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयाच्या संघालाही हरवले. तरीही बझरवरचा हा प्रकार मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत फारसा रुजला नाही. तेथे लेखी प्राथमिक फेरी व नंतर मंचावर सहा-आठ संघांत ‘बाउन्स’ होत जाणारे, म्हणजे उत्तर न आल्यास पुढच्या संघाकडे जाणारे, प्रश्न ही रीत प्रचलित आहे. ‘पाउन्स’ घेणारा संघ आपली पाळी नसतानाही लेखी उत्तर देऊन गुण पणाला लावतो. पुण्याचा बोट क्लब क्विझ क्लब आणि बंगळुरूची १९८३ मध्ये स्थापन झालेली कर्नाटक क्विझ असोसिएशन यांच्या परंपरेत उत्तर आधीच ठाऊक असण्यापेक्षा दिलेल्या धाग्यांवरून तर्काने ते काढता येण्याला अधिक मान आहे.