दोरी सैल होते तो क्षण

दोरी धरून घोड्याला चालवताना तो खांद्याने ढकलतो आणि माणूस नकळत एक पाऊल बाजूला होतो. बघणारे म्हणतात, घोडा वांड आहे, मान देत नाही. मान-अपमान या आपल्या कल्पना आहेत. घोडा त्या क्षणी एवढंच शिकलेला असतो की ढकललं की समोरचा सरकतो. 400-500 किलोच्या जनावराने हे शिकणं धोक्याचं आहे, आणि शिकवणारे आपणच असतो.

वर्तनशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. यातला ‘नकारात्मक’ वजाबाकीचा: नकोशी गोष्ट निघून गेली, की ती घालवणारी कृती पक्की होते. बाजूला होऊन माणसाने ही वजाबाकी घोड्याच्या पदरात टाकली. घोड्याला रीत लावायची तीही याच नियमाने.

समजा, त्याला मागे सरकायला शिकवायचं आहे. छातीवर बोटांनी हलका, सारखा दाब द्या. घोडा मान झटकेल, आडवा होईल, उलट पुढेही रेटेल. दाब वाढवू नका, सोडूही नका. त्याचं वजन किंचित मागे गेलं, की त्याच क्षणी हात काढा. दाबामुळे घोडा उत्तर शोधू लागतो. कोणतं उत्तर बरोबर, हे त्याला दाब सुटल्यावर कळतं. हात काढायला दोन सेकंद उशीर झाला आणि तेवढ्यात त्याने मान वर केली, तर तो मान वर करायला शिकतो. मग आपण त्याला अडेलतट्टू म्हणतो, हा मला त्या मुक्या जीवावर अन्याय वाटतो. दोरीचंही तसंच. ती कायम ताणलेली राहिली तर ताणाला काही अर्थच उरत नाही आणि घोडा तो अंगवळणी पाडून घेतो.

अंगावर माशी बसली तरी घोडा तेवढीच कातडी थरथरवतो. इतक्या जागरूक प्राण्याला आपली किती बारीक हालचाल कळत असेल, याचा पुरावा बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याने दिला. तो खुराने ठोके देऊन गणितं सोडवतो, अशी ख्याती होती. 1904 मध्ये तपासणी करणाऱ्या समितीला लबाडी सापडली नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी उलगडा केला. ठोके बरोबर आकड्याला पोचले, की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं आणि तेवढ्यावर हान्स थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं, की हान्स चुकायचा. हे गुपित कळल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःची ती हालचाल पुरती रोखता येईना! म्हणून एकदा धडा पक्का झाला, की छातीला हात लावायचीही गरज पडत नाही. आपण ताठ उभं राहून त्याच्या दिशेने जरा झुकलो, तरी घोडा एक पाऊल मागे घेतो.

घोडा बुजून अंगावर आला, तर मात्र प्रकरण वेगळं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही. तिथून अचानक काही आलं तर तो उधळणारच. मान उंच, कान ताठ, अंग आखडलेलं, अशा घोड्याला फटका मारला तर त्याच्या भीतीत आपली भर पडते. आपला चेहराही तो वाचतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधनात रागावलेल्या माणसांची छायाचित्रं पाहून घोड्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. अशा वेळी दोरी सैल ठेवा, खांद्यापाशी उभे राहा, त्याला मान खाली घेऊ द्या; धडा नंतर.

शाबासकी म्हणून मानेवर थापट्या मारण्यापेक्षा आयाळ संपते तिथला उंचवटा खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात, हे 1993 च्या एका अभ्यासात दिसलं.

सर्वांत जास्त चुका शिंगराच्या बाबतीत होतात. जन्मतः ते साधारण 50 किलोचं असतं. ते डोकं घासतं, अंगावर रेलतं, आपल्याला कौतुक वाटतं आणि आपण हसत मागे सरतो. त्याच वेळी दोन बोटांनी त्याला हलकेच मागे सारायचं, सरकलं की बोटं काढायची आणि मग खुशाल खाजवायचं. 2 वर्षांनी हेच काम दोन बोटांनी होणार नाही.