सागरी विषदंश : प्रथमोपचार

जेलीफिश, पाकट (स्टिंगरे), शिंगाळा (कॅटफिश), समुद्रसाप अशा विषारी सागरी जीवांचा दंश झाल्यावर दवाखाना गाठेपर्यंत करायची तातडीची काळजी. पुण्याला समुद्र नाही. पण शनिवार-रविवारी ताम्हिणी घाट उतरून कोकणातले दिवेआगर, श्रीवर्धन गाठणारे पुणेकर पुष्कळ. शिवाय गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणलेला शिंगाळा साफ करतानाही त्याचा काटा बोटात घुसू शकतो.

पाकटाच्या शेपटीवर दातेरी काटा असतो, शिंगाळ्याचे काटे परांत. त्यांच्या विषातली प्रथिने उष्णतेने निकामी होतात. म्हणून दंशाचा भाग साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे आंघोळीच्या कढत पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवतात. ठणका बऱ्यापैकी उतरतो. पाण्यात आधी दुसऱ्याने हात घालून पाहावा, कारण ठणकणाऱ्या पायाला चटका कळत नाही. पुढे जखम स्वच्छ करणे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन हे डॉक्टरांचे काम. छाती, पोट वा मानेत रुतलेला काटा उपसू नये.

जेलीफिशच्या तंतूंवर असंख्य सूक्ष्म दंशपेशी असतात. किनाऱ्यावर मरून पडलेल्या जेलीफिशच्याही दंशपेशी डसतात. गोडे पाणी ओतले किंवा वाळूने चोळले की उरलेल्या पेशीही फुटतात. त्यामुळे समुद्राच्याच पाण्याने धुवावे, तंतू चिमट्याने काढावेत, मग गरम पाणी. स्वयंपाकघरातले व्हिनेगर बॉक्स जेलीफिशच्या न फुटलेल्या पेशी थोपवते, मात्र अंगात गेलेल्या विषावर ते चालत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्या निळ्या ब्लूबॉटल या जेलीफिशसारख्या जीवाच्या दंशावर ते वापरावे का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. लघवीचा उपाय मात्र निव्वळ निरुपयोगी. तरी सहलीत तो सुचवणारा एक जण निघतोच.

समुद्रसापाचा दंश फारसा दुखत नाही, आणि धोका तिथेच आहे. इथे गरम पाणी नको. अवयवाला रुंद पट्टी घट्ट गुंडाळून, फळी बांधून तो अजिबात हलू देऊ नये आणि १०८ ला फोन करावा. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्यासाठीचे आहे. समुद्रसापाच्या विषावर त्याची भिस्त ठेवता येत नाही. वेळ पडल्यास रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते.

धाप, छातीत दुखणे, पापण्या जड होणे, वारंवार उलट्या यांपैकी काही दिसले तर ‘पुण्यात गेल्यावर दाखवू’ म्हणू नये. परतीच्या वाटेवर माणगावला उपजिल्हा रुग्णालय आहे; त्यापुढे घाट लागतो, आणि ताम्हिणीत बऱ्याच ठिकाणी फोनला रेंजही नसते.