निकोलेट मृदा

निकोलेट मृदा : अमेरिकेतील उत्तर-मध्य आयोवा आणि दक्षिण-मध्य मिनेसोटा या भागात आढळणारी खोल, काळी मृदामालिका (सारख्या जडणघडणीच्या मातींचा सर्वेक्षणातला गट). हिमनदीने मागे टाकलेल्या चुनखडीयुक्त गाळावर, उंच गवताच्या प्रेअरीखाली ती घडली. निचऱ्याच्या दृष्टीने ती ‘काहीशी कमी निचऱ्याची’ समजली जाते. अमेरिकी मृदासर्वेक्षणात निचऱ्याचे सात वर्ग आहेत. अतिनिचऱ्याच्या वालुकामय मातीपासून मोजत आल्यास हा वर्ग पाचवा येतो. अशी जमीन वर्षभर चिबड नसते, पण वसंतात बर्फ वितळल्यावर आणि जूनपर्यंतच्या पावसात तिच्यातली पाणीपातळी पिकाच्या मुळांपर्यंत चढते. उन्हाळा पुढे सरकला की ती खाली जाते. पाण्याची ही ये-जा या मातीच्या रंगात, वर्गीकरणात आणि शेतीत सगळीकडे उमटलेली आहे. मृदामालिकांना स्थानिक गावांची, नद्यांची, काउंट्यांची नावे देण्याची प्रथा आहे आणि निकोलेट ही मिनेसोटातील एक काउंटी आहे.

भूरूप आणि उगम : शेवटच्या हिमयुगात बर्फाची एक लांबट जीभ उत्तरेकडून सरकत आजच्या डे मॉइन शहरापर्यंत पोचली होती. भूशास्त्रज्ञ तिला ‘डे मॉइन लोब’ म्हणतात. कालगणनेत थोडाफार फरक धरूनही हे बर्फ सुमारे 16,000 ते 17,000 वर्षांपूर्वी आपल्या दक्षिण टोकाला होते. ते वितळले तेव्हा चिकणमाती, पोयटा, वाळू, गोटे आणि मोठे धोंडे यांचे कालवलेले मिश्रण मागे राहिले. यालाच हिमगाळ म्हणतात. नदीच्या गाळासारखे त्यात थर नसतात, कारण पाण्याने त्याची निवड केलेली नसते. या भागातल्या हिमगाळात कॅनडाच्या प्राचीन खडकांच्या ढाल-प्रदेशातले ग्रॅनाइट, वाटेत खरवडला गेलेला चुनखडक आणि वायव्येकडून आलेला शेल हे तिन्ही शेजारी-शेजारी सापडतात. मातीत चुना भरपूर असण्याचे कारण हा चुनखडकच आहे.

बर्फ गेले तेव्हा जमीन सपाटही नव्हती आणि डोंगराळही नव्हती. दोन-तीन मीटरचे चढउतार आणि मधूनमधून बाहेर वाट नसलेले खळगे असे तिचे रूप होते. भूशास्त्राच्या हिशेबात ही जमीन फार तरुण आहे. ओढ्या-नद्यांचे जाळे अजून तिच्यात पुरते कोरले गेलेले नाही, म्हणून पावसाचे पाणी खळग्यात साठते किंवा जमिनीतच मुरते. निकोलेटचा निचरा अपुरा असण्यामागे जितका मातीचा पोत आहे, तितकेच हे अपुरे राहिलेले जाळेही आहे.

उतारावरील साखळी : या प्रदेशातली माती एकेकटी पाहून समजत नाही, ती उतारासह पाहावी लागते. उतारावर एकामागून एक बदलत जाणाऱ्या मातींच्या अशा साखळीला ‘कॅटेना’ ही संज्ञा जेफ्री मिल्न यांनी 1930 च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दिली. आयोवातले तिचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकी आहे. उंचवट्यावर क्लॅरियन, त्याच्या पायथ्याच्या मंद उतारावर निकोलेट, सखल सपाटीवर वेबस्टर आणि खळग्याच्या तळाशी ओकोबोजी. खळग्याच्या काठावर पाणी वर चढून उडून जाते आणि चुना मागे ठेवते. तिथे हार्प्स ही चुनखडीने फिकट झालेली माती मिळते. मूळ द्रव्य सगळ्यांचे बहुतांशी एकच हिमगाळ, हवामान एकच, गवतही जवळपास तेच. मोठा फरक आहे तो पाणी किती वर येते आणि किती दिवस राहते यातला. निकोलेटच्या वाट्याला साधारण एक ते तीन टक्के उतार येतो. चालताना पायाला तो जेमतेम जाणवतो, पण शे-दीडशे मीटरच्या अंतरात तो माती बदलून टाकतो.

मृदाच्छेद : गिरमिटाने सव्वा मीटर खोल नमुना काढून पाटीवर आडवा मांडला, तर वरचे 40 ते 45 सेंटीमीटर जवळजवळ काळे दिसतात. मातीच्या रंगांचे नमुने असलेल्या मुन्सेल रंगपुस्तिकेत हा रंग 10वायआर 2/1 च्या (क्रमाने छटा, उजळपणा/तीव्रता) आसपास बसतो. बोटांत चुरडली तर ही माती रवाळ कणांत सुटते. ओली असताना ती किंचित चिकटते, पण गोळा होऊन हाताला लपेटत नाही. सेंद्रिय पदार्थाचे प्रमाण साधारण 4 ते 6 टक्के असते. काळ्या थराची खालची कड सरळ रेघेत येत नाही. मुळांच्या वाटा आणि प्रेअरीतल्या बिळे करणाऱ्या प्राण्यांची जुनी बिळे काळ्या मातीने भरलेली असतात आणि त्यांच्या जिभा खालच्या थरात उतरलेल्या दिसतात.

त्याखाली रंग करड्या-तपकिरीकडे वळतो आणि रंगपुस्तिकेचे पान बदलावे लागते. 2.5वाय 4/2, मग 5/2 किंवा 5/4. या थरात ज्वारीच्या दाण्याएवढे गंजाच्या रंगाचे ठिपके असतात आणि त्यांच्या शेजारी राखी डाग. दोन्ही नीट पाहावेत, कारण मातीचे वर्गीकरण त्यांच्यावर ठरते. आणखी खाली हिमगाळ जवळपास मूळ रूपात येतो. त्यात खडे दिसू लागतात, माती घट्ट होते आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फसफसते. वरच्या मातीतला चुना हजारो वर्षांच्या पावसाने धुऊन खाली नेला आहे. म्हणून पृष्ठभागाचा सामू किंचित आम्ल ते उदासीन असतो आणि तळाशी तो विम्लतेकडे (अल्कधर्मी बाजूला) जातो. पोत वरपासून खालपर्यंत दुमट ते चिकणदुमट आहे. पाणी धरून ठेवण्याची ताकद उत्तम आहे आणि पाणी मुरण्याचा वेग मध्यम.

रंग आणि पाणी : मातीची छिद्रे पाण्याने भरली की हवा आत जाऊ शकत नाही. सूक्ष्मजीव आधी उरलेला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग मँगॅनीज आणि त्यानंतर लोह वापरतात. लोहाचे क्षपण झाले की ते विरघळते आणि जागा सोडते. जिथून लोह गेले तिथे राखी डाग उरतो. पाणीपातळी उतरल्यावर हवा शिरते तिथे तेच लोह पुन्हा गंजते आणि ठिपका होऊन बसते. सतत ओल्या असलेल्या वेबस्टरच्या खालच्या थरात राखी रंगच मुख्य असतो. उंचावरच्या क्लॅरियनमध्ये तपकिरी रंगाचे राज्य असते. निकोलेटमध्ये दोन्ही मिसळलेले, कारण तिथे पाणी येते आणि जाते. नुसते पाणी असणे मात्र पुरत नाही. सूक्ष्मजीवांना खायला सेंद्रिय पदार्थ आणि काम करण्याइतकी ऊब लागते. बर्फ नुकते वितळलेले असताना माती तुडुंब भिजलेली असूनही थंडीमुळे हे काम रेंगाळते.

शेताखाली निचऱ्याच्या नळ्या घालून पाणीपातळी कायमची उतरवली तरी हे डाग लगेच पुसले जात नाहीत. म्हणजे मृदाच्छेद आजची ओल सांगत असेलच असे नाही, तो पूर्वीची ओलही सांगत असतो. सर्वेक्षण करणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही तर शंभर वर्षांपूर्वी निचरा केलेली जमीन तो आजही ओली ठरवून बसेल. वर्गीकरणाने ही अडचण नियमातच सोडवली आहे : ठराविक ओल्या स्थिती ‘असाव्यात, किंवा कृत्रिम निचरा केलेला असावा’ अशी तरतूद तिथे आहे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. शेतकऱ्याने नळी टाकली एवढ्यावरून मातीचे नाव बदलत नाही.

वर्गीकरण : अमेरिकी मृदावर्गीकरण पद्धतीत निकोलेटचे पूर्ण नाव ‘फाइन-लोमी, मिक्स्ड, सुपरअॅक्टिव्ह, मेसिक अॅक्विक हॅपल्युडॉल्स’ असे आहे. वरून खाली पाहिले तर गण मॉलिसॉल आहे. जाड, काळा, मऊ आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्या अल्कधर्मी मूलद्रव्यांनी भरलेला वरचा थर ही या गणाची अट. विम्लसंपृक्तता, म्हणजे मातीच्या धनायने धरण्याच्या क्षमतेपैकी अशा मूलद्रव्यांनी व्यापलेला हिस्सा, किमान 50 टक्के लागते. दमट हवामानामुळे उपगण युडॉल ठरतो. खालच्या थरात चिकणमाती साचून वेगळा थर झालेला नाही, म्हणून महागट हॅपल्युडॉल. पृष्ठभागापासून 75 सेंटीमीटरच्या आत राखी डाग आणि वर्षातला काही काळ संपृक्त ओल आढळते, म्हणून उपगट अॅक्विक. ओल याहून वर आणि याहून प्रबळ असती तर माती अॅक्वॉल या वेगळ्याच उपगणात गेली असती, आणि शेजारची वेबस्टर तिथेच आहे. कागदावर ही सीमा काटेकोर दिसते. शेतात ती पावलापावलाने सरकत जाते आणि ती कुठे आखायची हे नकाशा करणाऱ्याच्या डोळ्यावर बरेचसे अवलंबून राहते.

कुळाच्या पातळीवरचे उरलेले शब्द गुणधर्मांचे आहेत. नियंत्रण-विभागात (वर्गीकरणासाठी तपासायच्या ठराविक खोलीच्या पट्ट्यात) चिकणमाती 18 ते 34 टक्के, खनिजे मिश्र, चिकणमातीच्या मानाने धनायन-विनिमय क्षमता (धनायने धरण्याची आणि सोडण्याची ताकद) उच्च आणि मृदेचे वार्षिक सरासरी तापमान 8 ते 15 अंश सेल्सियसच्या दरम्यान. इलिनॉयमधली फ्लॅनगन मृदा निचऱ्यात निकोलेटसारखीच, प्रेअरीतलीच आणि तितकीच काळी आहे. पण ती वाऱ्याने आणलेल्या लोएसच्या जाड थरात घडली आणि तिच्यात चिकणमाती साचलेला थर आहे, म्हणून तिचा महागट आर्जियुडॉल. जुन्या अमेरिकी वर्गीकरणात अशा सगळ्या मातींना ‘प्रेअरी मृदा’ आणि नंतर ‘ब्रुनिझेम’ म्हणत. आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्या साधारणपणे फिओझेममध्ये येतात.

मराठी वाचकाला काळी जमीन म्हटले की दख्खनची कापसाची जमीन आठवते. दोन्हींचा रंग सारखा असला तरी माती वेगळी आहे. ही कापसाची जमीन, म्हणजे रेगूर, बेसाल्टपासून झालेली आणि फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या चिकणमातीने भरलेली असते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि तिच्यात सेंद्रिय पदार्थ बहुधा एक टक्क्याच्या आसपासच असतो. तिचा गण व्हर्टिसॉल. निकोलेटचा काळेपणा गवताच्या मुळांनी हजारो वर्षे मातीत भरलेल्या ह्युमसचा आहे. निकोलेटचा उपगट भारतात पाहायचा असेल तर महाराष्ट्रात नाही, उत्तराखंडच्या तराईत जावे लागते. पंतनगर परिसरातल्या काही मातींचे वर्गीकरण अॅक्विक हॅपल्युडॉल असेच आहे. त्या घडल्या मात्र हिमालयातून आलेल्या नदीगाळावर. नागपूरचे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो हीच वर्गीकरण पद्धती वापरते, म्हणून ही तुलना शब्दाला शब्द लावून करता येते.

शेती आणि निचरा : मुळात इथे बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विचग्रास अशी माणसाच्या उंचीहून वर जाणारी गवते होती. आयोवातल्या मूळ प्रेअरीचा एक हजारांश भागही आता उरलेला नाही. तिच्या जागी मका आणि सोयाबीन आले. निकोलेटची गणना आयोवातल्या सर्वांत उत्पादक जमिनींत होते. दुष्काळी वर्षात खालची ओल पिकाला तारते. ओल्या वसंतात मात्र वाफसा उशिरा येतो आणि पेरणी लांबते. वाफसा नसताना जड यंत्रे घातली तर माती दबते आणि मुळांची वाट अडते.

यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेताखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या जाऊ लागल्या. पुढे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन निचरा-जिल्हे स्थापन केले, कारण एकाच्या नळीचे पाणी दुसऱ्याच्या शेतातूनच पुढे जायचे होते. आज नालीदार, सच्छिद्र प्लास्टिक नळ वापरतात. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या क्षारपड जमिनीत पुरतात तसलेच हे नळ, पण तिथे मीठ धुऊन काढायचे असते आणि आयोवात नुसते जास्तीचे पाणी. वेबस्टर आणि ओकोबोजी नळ्यांशिवाय पिकाखाली भरवशाने येतच नाहीत. निकोलेटमध्ये थोडेफार पीक तसेही येते, नळ्यांनी ते दरवर्षी खात्रीचे होते.

याची किंमतही आहे आणि ती लपवू नये. नांगरटीनंतर या प्रदेशातल्या मातीने आपला मूळ सेंद्रिय कर्ब तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत गमावला, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पूर्वी खळग्यातल्या ओल्या मातीत नायट्रेटचे वायू होऊन जात असे. आता नळ्या ते सरळ ओढ्यात नेतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनची अमेरिकी मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे आणि डे मॉइन शहराला पाणी पुरवणाऱ्या रॅकून नदीत ती वेळोवेळी ओलांडली जाते. 2015 मध्ये डे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने तीन काउंट्यांतल्या निचरा-जिल्ह्यांवर खटला भरला. 2017 मध्ये संघराज्य न्यायालयाने तो फेटाळला. प्रश्न तसाच राहिला, पण उपाय शोधणे थांबले नाही. नळीचे पाणी ओढ्यात सोडण्याआधी लाकडाच्या चिपांनी भरलेल्या चरातून नेणे, किंवा ओढ्याकाठच्या गवताळ पट्ट्याखाली पसरवून तिथल्या ओल्या मातीला नायट्रेटचा वायू करू देणे, हे दोन्ही मार्ग आयोवात शेतावर वापरले जात आहेत. दुसऱ्या मार्गाची सुरुवातीची चाचणी बेअर क्रीक या ओढ्याकाठी झाली.