गाभण गाईचं सेलेनियम आणि ०.३ पीपीएमचा वाद

गाय व्याल्याला बारा तास उलटले, वार (वासराभोवतालची झिल्ली) लोंबतेच आहे आणि कोणीतरी तिला जुनी चप्पल बांधायला निघालंय, हे आपल्याकडच्या गोठ्यांत अजूनही दिसतं. डॉक्टर येतात, वार ओढू नका म्हणतात आणि पुढच्या वेताला गाय आटवल्यावर (दूध काढणं थांबवल्यावर) ‘ई-सेलेनियम’ टोचून घ्या, असं सांगून जातात. या सल्ल्याचं मूळ अमेरिकेतल्या ओहायोत आहे. विण्याच्या सुमारे २० दिवस आधी ५० मिलीग्रॅम सेलेनियम आणि ६८० युनिट ई जीवनसत्त्व एकत्र टोचलं, तर वार अडकण्याचं प्रमाण खूप घटतं, असं तिथल्या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडलं.

तोवर सेलेनियमची ओळख होती ती विष म्हणून. खूर गळणारी, आयाळ झडणारी जनावरं साउथ डकोटाच्या माळांवर दिसत, त्यामागे हेच मूलद्रव्य असल्याचं १९३०च्या दशकात उलगडलं. १९४३ मध्ये उंदरांच्या यकृतातल्या गाठींशीही त्याचं नाव जोडलं गेलं. पुढे १९५७ मध्ये तेच सेलेनियम उंदरांचं यकृत वाचवतं असं दिसलं आणि वर्षभरात ओरेगनमध्ये कोकरांचे स्नायू पांढरे पडण्याचा रोगही त्याने टळला. पण कर्करोगाचा शिक्का बसलेला पदार्थ खाद्यात मिसळायला अमेरिकी कायद्याची सक्त मनाई होती. तो शिक्का पुसायला १९७४ उजाडलं. पहिली परवानगी मिळाली ती कोंबड्या-डुकरांना. दुभत्या गाईंची पाळी १९७९ मध्ये आली, तीही ०.१ पीपीएमपुरती, म्हणजे खाद्याच्या दहा लाख भागांत ०.१ भाग.

०.१ पीपीएम म्हणजे दिवसाला दहा किलो कोरडा चारा खाणाऱ्या गाभण गाईला जेमतेम १ मिलीग्रॅम. मातीतच सेलेनियम कमी असलेल्या भागांत एवढ्याने रक्तातली पातळी सावरत नव्हती. म्हणून १९८७ मध्ये मर्यादा ०.३ झाली. १९९३ मध्ये मात्र नियामकांनीच त्या वाढीला स्थगिती दिली. कारण गोठ्यातलं नव्हतंच. दहा वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या केस्टरसनच्या तळ्यांवर पाणपक्ष्यांची व्यंग असलेली पिल्लं सापडली होती. शेतांतून निचरा होऊन आलेल्या पाण्यातलं सेलेनियम तिथे साठलं होतं. गाईंच्या शेणातूनही ते असंच ओढ्या-नाल्यांत जाईल आणि त्याचा नीट अभ्यास झालेला नाही, असा आक्षेप होता. पक्ष्यांची भीती खरीच होती. पण तळ्यातलं विष आलं होतं खोऱ्यातल्या सेलेनियमयुक्त मातीतून, आणि खुराकातून पडणारी भर त्यापुढे नगण्य होती. एका खोऱ्याच्या मातीचा दोष साऱ्या देशातल्या गाभण गाईंच्या माथी मारला गेला, असं मला वाटतं. पशुपालक आणि पशुवैद्य दोघेही खवळले. अखेर १९९४ मध्ये संसदेने कायदा करून ती स्थगिती रोखली आणि ०.३ टिकलं.

कासदाह, म्हणजे कासेची सूज, विण्याच्या आसपास का होतो, हे कोडंही या भांडणाच्या काळातच सुटत गेलं होतं. सेलेनियम हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा (एन्झाइमचा) भाग आहे, हे १९७३ मध्ये कळलं होतं. पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी जी तिखट रसायनं तयार करतात, त्यांची झळ खुद्द त्या पेशींना लागू नये याची काळजी हे विकर घेतं. विण्याच्या आसपास याच पेशी ढेपाळतात. कासेत जंतू शिरतात तेही तेव्हाच, आणि वार सुटायलाही याच पेशी लागतात.

‘ई-सेलेनियम’ या जोडनावाने मात्र मोठा घोळ घातला. दोन्ही एकाच बाटलीत येतात, म्हणून गोठ्यात ते एकच औषध समजलं जातं. ओहायोतच १९८४ मध्ये दोन्ही वेगवेगळी देऊन पाहिली. नुसत्या सेलेनियमने गर्भाशयाचा दाह कमी झाला, वार वेळेत पडायला मात्र दोन्ही लागली. हिरव्या चाऱ्यातून ई जीवनसत्त्व भरपूर मिळतं, वाळल्या कडब्यात ते फारसं उरत नाही. त्यामुळे एका गोठ्यात लागू पडलेली सुई दुसऱ्या गोठ्यात काहीच करत नाही, असे उलटसुलट निष्कर्ष नंतर अनेक देशांतून आले.

फिनलंडने १९८४ पासून सेलेनियम थेट रासायनिक खतातच मिसळलं. २००३ मध्ये अमेरिकेत गाईंना यीस्टमधलं सेलेनियम द्यायची मुभा मिळाली.

आपल्या देशात दुसरं टोकही आहे. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही शेतांच्या चाऱ्यात सेलेनियम इतकं चढतं, की जनावरांचे खूर गळतात आणि शिंगांना भेगा पडतात. तिथल्या गाभण गाईला विण्याआधी सेलेनियमची सुई देणं म्हणजे विषात आणखी भर.