तंत्रस्नेही मार्गदर्शिका

तंत्रस्नेही मार्गदर्शिका म्हणजे वर्गात मोबाईल, टीव्ही, प्रोजेक्टर, क्यूआर कोड, अॅप वगैरे शिकवताना कसं वापरायचं हे शिक्षकाला सांगणारं लिखाण. मग ती छापील पुस्तिका असो, पीडीएफ असो, दहा मिनिटांचा व्हिडिओ असो, नाहीतर शेजारच्या शाळेतल्या सरांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलेल्या सात ओळी. खरं सांगायचं तर यातल्या सात ओळीच जास्त वापरल्या जातात. 'तंत्रस्नेही' हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळांमधून रुळला, २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला आणि गावोगाव लोकवर्गणी काढून शाळा 'डिजिटल' करायची लाट आली त्या काळात. कुणी टीव्ही दिला, कुणी प्रोजेक्टर, सरपंचांच्या हस्ते उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो ग्रुपवर पडले. वस्तू आली, पण ती सोमवारी सकाळी अकरा वाजता तिसरीच्या परिसर अभ्यासाला कशी लावायची हे सांगणारा कागद काही सोबत आला नाही, आणि या नोंदीचा विषय नेमका तो कागद आहे.

मागचं थोडं

वर्गात यंत्र आणायची हौस नवीन नाही. पुण्याच्या बालचित्रवाणीने १९८४ पासून मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम केले, ते दूरदर्शनवर लागायचे, पण तेव्हा शिक्षकाचं काम टीव्ही चालू करून पोरांना गप्प बसवण्यापुरतंच होतं. फोन हातात आल्यावर कुठे थांबवायचं, काय पुन्हा दाखवायचं, मध्येच काय विचारायचं हे शिक्षकाच्या हातात आलं आणि मार्गदर्शनाची गरज खरी तिथून सुरू झाली. केंद्र सरकारचं दीक्षा पोर्टल, म्हणजे धड्यांचे व्हिडिओ आणि इतर साहित्य मिळायची जागा, सप्टेंबर २०१७ मध्ये आलं, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, पुढे निष्ठा हे शिक्षकांचं देशपातळीवरचं प्रशिक्षणही दीक्षावरच ऑनलाईन झालं.

अभ्यासकांकडेही यावर बरंच काही आहे. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये टीपॅक नावाची चौकट मांडली, तिचं सार असं की विषयाचं ज्ञान, शिकवायची हातोटी आणि तंत्राची माहिती या तिन्ही गोष्टी एकमेकांत मिसळल्या तरच उपयोग, नुसतं अॅप येऊन काही होत नाही. युनेस्कोनेही शिक्षकांसाठी अशी चौकट केली, तिची तिसरी आवृत्ती २०१८ ची. वाचायला चांगली आहे, पण द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत घेऊन बसलेल्या बाईंना ती हातात देऊन बघा, त्या आधी विचारतील की यात लाईट गेल्यावरचं पान कुठलंय.

परितेवाडी

आमचं सोलापूर आणि वर्गातलं तंत्रज्ञान म्हटलं की माढा तालुक्यातल्या परितेवाडीचं नाव येणारच. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आले तेव्हा शाळा म्हणजे गुरांचा गोठा आणि कोठीघर यांच्या मधली पडकी इमारत होती. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, कोड स्कॅन केला की कविता ऐकू यायची, व्हिडिओ दिसायचा. २०१७ मध्ये राज्य सरकारने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत कोड आणायचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेच्या पुस्तकांबद्दलही तशी घोषणा झाली. ३ डिसेंबर २०२० ला डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. लोकांना ते पैसे लक्षात राहिले. मला मात्र क्यूआर कोडची युक्ती जास्त मोठी वाटते, कारण तिला वेगळी मार्गदर्शिका लागतच नाही. मूल पुस्तक उघडतं, पानावर चौकोन आहे, फोन धरायचा, झालं. मदत वेगळ्या पुस्तिकेत नाही, धड्याच्याच पानावर आहे.

अर्थात चौकोन धरला की झालं असंही नाही, आणि हे शिक्षकांना फार कमी ठिकाणी नीट सांगितलं जातं. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला. त्याची रचनाच अशी की खराब झालेला भाग भरून काढायची सोय वरच्या दर्जाची ठेवली असेल तर तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, म्हणून पोराने कोपरा कुरतडलेलं किंवा शाई सांडलेलं पुस्तकही बऱ्याचदा चालतं. पण कोडात व्हिडिओ नसतो, असतो फक्त पत्ता. नेट नसेल तर पत्ता घेऊन करायचं काय? म्हणून दीक्षावरचं साहित्य घरूनच, जिथे रेंज आहे तिथेच डाउनलोड करून न्यायचं. आणि कॅमेरा फुटका असेल तर कोडाच्या खाली सहा अक्षरांचा एक संकेत छापलेला असतो, तो दीक्षामध्ये टाईप केला तरी तेच उघडतं. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे कितीतरी जणांनी 'आमच्या मोबाईलवर स्कॅन होत नाही' म्हणून विषय सोडून दिलाय.

कामाची मार्गदर्शिका कशी असते

एका शाळेतला प्रसंग सांगतो, नाव नको. नवाकोरा टीव्ही, समोर पस्तीस पोरं मांडी घालून बसलेली, मी रात्री जागून पेन ड्राईव्हवर ज्वालामुखीचा व्हिडिओ आणलेला, लावला तर टीव्ही म्हणतो फाईल नाही. काढला, फुंकर मारली, परत लावला, फाईल नाही. पोरांनी पहिली पाच मिनिटं उत्सुकतेने बघितलं, पुढची पाच मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि मग एकाने विचारलं, "सर, खेळायला सोडता का?" कारण नंतर कळलं. बरेच जुने टीव्ही पेन ड्राईव्ह फॅट३२ या फाईल साठवायच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तरच वाचतात, माझा एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीवर होता. फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, म्हणजे लांब व्हिडिओ असेल तर तुकडे करायचे. फाईलचं नाव मराठीत ठेवलं तर काही टीव्हींवर नुसते चौकोन दिसतात, तेव्हा नाव आकड्यात ठेवलेलं बरं. एवढंच कुणी आधी लिहून दिलं असतं तर! तोपर्यंत मी जी प्रशिक्षणं केली होती त्यांत एकविसाव्या शतकातली कौशल्यं होती, फॅट३२ नव्हतं.

तर कामाची मार्गदर्शिका एका धड्यापासून सुरू होते, उपकरणापासून नाही. 'प्रोजेक्टरची ओळख' असं शीर्षक दिसलं की समजायचं, हे विकणाऱ्याने लिहिलंय. 'चौथीला अपूर्णांक शिकवताना' असं दिसलं की शिक्षकाने लिहिलंय. त्यात व्हिडिओ कितव्या मिनिटाला थांबवायचा, थांबवून कोणता प्रश्न विचारायचा, तेवढ्यात पहिली-दुसरीच्या पोरांना पाटीवर काय काम द्यायचं हे असतं. आणि दोन पानांत संपतं. चाळीस पानी पीडीएफ फोनवर कुणी वाचत नाही, त्यातून ती जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली असेल तर शोधता येत नाही, कॉपी केली की नुसती गिचमिड चिन्हं येतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत, टाईप करा एवढी एकच विनंती मी दर शिक्षण परिषदेत करतो, लोक मान डोलावतात.

दुसरी खूण म्हणजे जागेचा विचार. सोलापूरचा मार्च-एप्रिल माहीत आहेच, पारा चाळिशी पार करतो, सकाळची शाळा केली तरी दहा वाजता पत्र्याखाली बसवत नाही. तिथे दिव्याच्या प्रोजेक्टरला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते, मागे-बाजूला वही-पुस्तकं रचायची नाहीत, जाळीतली धूळ महिन्याला झटकायची, आणि काम झाल्यावर लगेच प्लग उपटायचा नाही, आतला पंखा थांबेपर्यंत थांबायचं. लाईट अचानक जाते तेव्हा पंखा बंद पडतो आणि दिवा तसाच तापलेला राहतो, त्याने दिव्याचं आयुष्य कमी होतं, म्हणून छोटा इन्व्हर्टर आधी आणि स्पीकर नंतर. उजेडाचं म्हणाल तर खिडकीला जाड चादर लावली की पडदा स्पष्ट दिसतो, आणि सोलापुरात चादरीला काय तोटा.

तिसरी गोष्ट, पोरांच्या हातात फोन नाही हे धरून चालणारी युक्ती. प्लिकर्स नावाचं साधन याबाबतीत भारी आहे. प्रत्येक मुलाला एक काळं-पांढरं कार्ड, त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय, जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून धरायचं, शिक्षक आपला एकच फोन वर्गावरून फिरवतो आणि कुणाचं बरोबर कुणाचं चूक ते दिसतं. प्रत्येकाच्या कार्डावरचा आकार वेगळा असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही उपयोग नाही. कार्डं साध्या कागदावर छापून जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवली तर वर्षभर टिकतात, फक्त चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला दिसत नाही. आमच्याकडे ज्या पोराने कधी हात वर केला नाही तो कार्ड दोन्ही हातांनी डोक्यावर धरून बसतो.

भाषा

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात बरीच पोरं घरी कन्नड बोलतात, शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या घरांत तेलुगू, आणि उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेतच. पुण्यात बसून केलेल्या मराठी व्हिडिओतला निवेदक झपाट्याने बोलायला लागला की पहिलीतलं पोर चित्र बघतं, शब्द सोडून देतं. यावर साधा उपाय आहे, व्हिडिओचा आवाज बंद करायचा आणि शिक्षकाने स्वतः पोरांच्या भाषेत बोलायचं. वाचनाच्या सरावाला गुगलचं रीड अलाँग चालतं, मूल मोठ्याने वाचतं आणि अॅप ऐकून चुकलेला शब्द दाखवतं, मराठीतही आहे. विज्ञानाला कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, त्यातली बरीच मराठीत मिळतात आणि डाउनलोड करून नेटशिवायही चालवता येतात.

फोन नसतानाचं

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सगळ्यांचे ऑनलाईन वर्ग सुरू झाले आणि बऱ्याच पोरांकडे फोनच नाही हे उघड झालं. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये, जिथे कापड कारखान्यांतल्या कामगारांची वस्ती आहे, तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, पोरं लांब लांब उभी राहून वाचायची. भिंतीला चार्जिंग लागत नाही.

काळजीच्या दोन गोष्टी

पोरांचे चेहरे दिसतील असे फोटो पालकांना न विचारता ग्रुपवर टाकायचे नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. पोरांच्या नावाने अॅपवर खातं उघडताना पूर्ण नाव आणि जन्मतारीख द्यायची गरज बहुतेक वेळा नसते, हजेरी क्रमांक पुरतो.

दुसरी गोष्ट बदलीची, आणि ही कुठल्याच सरकारी पुस्तिकेत नसते. शाळेतले तंत्रस्नेही सर बदलून गेले की त्यांच्यासोबत पासवर्ड जातो, कुठली वायर कुठे लावायची ते जातं, व्हिडिओंचा फोल्डर त्यांच्याच लॅपटॉपवर जातो, आणि दिवाळीपर्यंत टीव्हीवर भरतकाम केलेलं कापड पडतं, वर फुलदाणी. म्हणून काही शाळांत टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो: कोणतं बटण आधी, पेन ड्राईव्ह कुठला, इन्व्हर्टर किती वेळ चालतो, शाळेच्या ईमेलचा पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कोणत्या वहीत आहे, बिघडला तर गावातल्या कुणाला बोलवायचं. आमच्या कपाटातल्या कागदावर तीन वेगवेगळी अक्षरं आहेत, निळी शाई आधीच्या बाईंची, काळी माझी, आणि खाली पेन्सिलीने सातवीतल्या एका पोराने लिहिलंय, 'रिमोटचे सेल घड्याळात घालू नये'.