पेट्रोल काँक्रीट कटर वापरणाऱ्यांसाठी: एअर फिल्टरला हवा मारू नका

"मशीन चालू होतंय, पण ओढत नाही." सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये हे वाक्य सतत कानावर पडतं. त्याच्या मागोमाग दुसरंही ठरलेलं असतं: "फिल्टर तर रोज साफ करतोय हो!" बहुतेक वेळा मशीन बिघडण्याचं कारण या दुसऱ्या वाक्यातच सापडतं. प्रत्येकाला काउंटरवर उभं राहून समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं, म्हणून हे माहितीपत्रक.

मशीन कसं चालवायचं हे तुम्हाला माहीत आहे, ते इथे सांगत बसत नाही. गटाराचं काम, गोडाऊनच्या ट्रिमिक्सला (काँक्रीटच्या जमिनीला) जॉइंट मारणं, पाइपलाइनसाठी रस्ता चिरणं, सगळीकडे 14 इंची पेट्रोल कटर लागतो. तुमचा ऑपरेटर दिवसभर तो सांभाळतो आणि संध्याकाळी पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरने फिल्टर उडवतो. सोलापुरात ही सवय हाडीमाशी आहे. यंत्रमागावरचा कापूस आपण हवेनेच उडवतो, जीपचा फिल्टरही हवेनेच साफ करतो. त्यात काही वावगं नाही. काँक्रीट कटरच्या कागदी फिल्टरला मात्र हीच सवय महागात पडते.

मागच्या उन्हाळ्यात मोहोळकडचे एक ठेकेदार मशीन घेऊन आले. माणूस व्यवस्थित. मशीनवर चिखलाचा डाग नाही, स्टार्टरची दोरी नवी, प्लग नवा. फिल्टर तर इतका पांढरा, की कालच बसवलाय असं वाटावं. आम्ही तो अंधाऱ्या कोपऱ्यात नेला आणि आतून मोबाइलचा टॉर्च लावला. कागदाच्या एका घडीत सुईच्या टोकाएवढे तीन ठिपके चमकले. मग कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवलं, तर बोटाला राखाडी लगदा आला. अंगठ्यावर चोळला तेव्हा करकर जाणवली. सायलेन्सर काढून पिस्टन दाखवला, पुढे सिलिंडर उतरवून दुसरी बाजूही दाखवली. ठेकेदार बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "रोज हवा मारली नसती तर वाचलं असतं?" हो, वाचलं असतं. हयगय करणाऱ्याचं मशीन गेलं तर एक वेळ समजून घेता येतं. इतकी काळजी घेणाऱ्याचं गेलं की आम्हालाही वाईट वाटतं.

आता कारण सांगतो. या मशीनचं इंजिन साधारण 65 ते 75 सीसीचं, टू-स्ट्रोक. पूर्ण रेसवर मिनिटाला 9,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतं आणि तेवढ्यात काही शे लिटर हवा आत ओढतं. ती हवा ब्लेडच्या धुळीतूनच येते. त्या धुळीत वाळू असते आणि वाळूचा कण काचेवर ओरखडा ओढतो, तिथे पिस्टनच्या रिंगांचं काय होणार? शिवाय टू-स्ट्रोकमध्ये आलेली हवा थेट पिस्टनच्या डोक्यावर जात नाही, आधी क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकच्या कप्प्यातून फिरते. म्हणजे धूळ अगोदर क्रँकच्या बेअरिंगला आणि कनेक्टिंग रॉडला लागते, मग बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला. म्हणून नुसत्या रिंगा बदलून भागत नाही. "फक्त रिंगा टाका, बाकी राहू द्या" असं कुणी म्हणालं तर आम्ही आधी बेअरिंग हलवून दाखवतो.

नवीन मॉडेलमध्ये कंपनीने याचा विचार आधीच केलेला असतो. हवा आत घेताना गोल फिरवली जाते, जड धूळ बाहेर फेकली जाते आणि उरलेली बारीक धूळ कागदावर अडते. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच पुढची धूळ आणखी चांगली अडवतो. मळका फिल्टर म्हणजे खराब फिल्टर नव्हे. हवेच्या झोताने हा थर जातो, कागदाच्या घड्या फाटतात, कडेचं रबर उचललं जातं. आणि फिल्टर रोज उघडला की झाकणावरची भुकटी रोज थोडी थोडी आत पडते.

तेव्हा फिल्टर कधी उघडायचा? मशीनचा जोर स्पष्ट कमी झाला तर. त्याआधी नाही. जोर कमी झाला तरी आधी ब्लेड फिरवणारा पट्टा सैल आहे का, टाकीतला पेट्रोल फिल्टर तुंबलाय का, सायलेन्सरची जाळी काजळीने भरलीय का, ब्लेड गुळगुळीत झालंय का, हे बघा. यातलं काहीच नसेल, तर मशीन धुळीपासून लांब न्या, वरचं झाकण ब्रशने झाडा, चोक लावून हवेची वाट बंद करा आणि मगच उघडा. फिल्टर बसतो ती जागा ओल्या फडक्याने पुसून नवा फिल्टर बसवा. जुन्या मॉडेलमध्ये बाहेरून स्पंजचा फिल्टर असतो, तो साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवता येतो. पुस्तिकेत तेल लावायला सांगितलं असेल तर तेही लावा. मुख्य फिल्टर साफ करायची परवानगी तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असेल, तर तिथे लिहिलंय तसंच करा. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर घेऊन या, आम्ही बघून सांगतो. त्याचे पैसे नाहीत.

बाजारात कमी किमतीचे फिल्टर मिळतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. आम्ही ते ठेवत नाही. त्यांची कड पुरती बसत नाही, एखाद्या केसाएवढी फट राहते आणि धुळीला तेवढी पुरते. आमच्याकडच्या फिल्टरला चार पैसे जास्त पडतील, पण बोअर-पिस्टनचा सेट आणि क्रँकची बेअरिंग यांच्यापुढे ती रक्कम किरकोळ आहे. ज्यांची तीन-चार मशीन आहेत त्यांनी फिल्टर, प्लग, दोरी आणि पट्टा असा एक जोड कायम साइटवर ठेवावा. तो जोड आम्ही मॉडेलप्रमाणे पिशवीत भरून देतो.

धूळ कमी करायचा खरा उपाय पाणी. पाण्याचं किट जोडून कापलं तर मिनिटाला अर्धा-पाऊण लिटर पाणी बहुतेक कामाला पुरतं. 10 लिटरचा हातपंपाचा टँक नळाशिवायही चालतो. सोलापुरात पाण्याची किंमत काय आहे हे आम्हाला कुणी सांगायला नको, तरीही कोरडं कापू नका असंच सांगू. हीच धूळ ऑपरेटरच्या छातीत जाते. सिलिकोसिस झाला की फुप्फुसं पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. तोंडाला बांधलेला गमछा ती बारीक धूळ अडवत नाही, चांगला मास्क द्या. काम संपलं की पाणी बंद करून ब्लेड थोडा वेळ मोकळं फिरवा, म्हणजे पाणी उडून जातं. गार्डमधला गारा ओला असतानाच काढा.

ब्लेडबद्दल थोडक्यात: आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, त्यावर चुकीच्या ग्रेडचं डायमंड ब्लेड लवकर गुळगुळीत होतं. दोन-चार काप विटेत मारले की हिरे पुन्हा उघडे पडतात. वारंवार तसं होत असेल तर ग्रेड बदलायला हवा. 14 इंची ब्लेडवर मिनिटाला ब्लेडच्या (इंजिनच्या नव्हे) फेऱ्यांची मर्यादा साधारण 5,400 लिहिलेली असते. त्याहून कमी मर्यादेचं ब्लेड लावू नका आणि लाकडाचं दातेरी ब्लेड तर कधीच नको.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल लिटरला 20 मिली (50:1) मिसळा, मापाने, अंदाजपंचे नाही. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करा. पावसाळ्यात मशीन ठेवून देणार असाल तर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

"तपासणीचे पैसे कशाला, बघायलाच तर आणलंय" असंही काही जण म्हणतात. तपासणीत आम्ही कॉम्प्रेशन मोजतो, सायलेन्सर उतरवून पिस्टन बघतो आणि गरज पडली तर तुमच्यासमोर सिलिंडरही काढतो. ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला असतील तर बहुधा ऑइल कमी पडलंय. कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन निस्तेज, राखाडी झाला असेल तर धूळ गेलीय. दोष कशाचा, यावर मग वाद राहत नाही. यात वेळ जातो, त्याचे पैसे घेतो. काम आमच्याकडे केलं तर ते बिलातून वजा करतो. काढलेले पार्ट पिशवीत घालून परत देतो. बोअर-पिस्टन बदललेल्या मशीनच्या नव्या फिल्टरवर आम्ही तारीख घालतो. पुढे काही झालं आणि तो फिल्टर हवा मारलेला निघाला, तर त्या कामाची हमी आम्ही देत नाही. काहींना हे कडक वाटतं, पण फाटक्या फिल्टरवर नवं इंजिन किती टिकेल याची हमी आम्ही तरी कुठून द्यावी?

नवीन ऑपरेटर ठेवला असेल तर त्याला मशीनसोबत पाठवा, आम्ही दहा मिनिटांत दाखवून देतो. मशीन आणताना टाकी रिकामी करा, ब्लेड काढून वेगळं आणा. फिल्टरला मात्र हात लावू नका, जसा आहे तसाच मळका येऊ द्या. आम्हाला सगळ्यात आधी तोच बघायचा असतो.